बंद न झालेली खिडकी

“मुजावरबाई, बसा तरी,” रक्तपेढीचे प्रमुख डॉ. हेरवाडकर दुसऱ्यांदा म्हणाले.

मुजावर आपा बसल्या नाहीत. पांढऱ्या कोटाच्या खिशांत दोन्ही हात घालून त्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. टेबलावर त्यांच्या नावाचा टाईप केलेला मेमो होता आणि शेजारी रक्ताची एक पिशवी. पिशवीच्या लेबलावर ठळक अक्षरांत ‘ए पॉझिटिव्ह’ छापलं होतं. आत बी पॉझिटिव्ह होतं.

“मी गट ‘बी’च बघितला,” आपा म्हणाल्या. “टाइलवर बघितला, नळीत बघितला. रजिस्टरात माझ्या हातानं बी लिहिला. मग कॉम्प्युटरात ए भरायला मला काय वेड लागलंय?”

“पण लेबल तर कॉम्प्युटरमधूनच आलं ना?”

“साहेब,” खुर्चीत पुढं सरकत आमचे सबनीस सर म्हणाले, “मशीन आपल्या मनानं काही करत नाही. माणसानं जे भरलं तेच ते छापतं. मुजावर मॅडमचा अनुभव दांडगा आहे, मी मानतो. पण वयाप्रमाणं नजर…”

डॉक्टरांनी आपांकडं न बघता विचारलं, “डोळे कधी तपासलेत शेवटचे?”

सरांच्या खुर्चीमागं मी बॅग छातीशी धरून उभी होते. ज्या प्रोग्राममधून ते लेबल निघालं होतं, तो प्रोग्राम मी लिहिला होता.

गोष्ट २००५ सालच्या फेब्रुवारीतली, कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीतली. नाव सांगत नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि राजारामपुरीत सबनीस सरांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. आपा त्या पेढीतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, सव्वीस वर्षं झाली होती त्यांना. चुकीच्या लेबलाची ती पिशवी आदल्या दिवशी पेढीतच पकडली गेली. पेशंटच्या रक्ताशी जुळणी करताना दुसऱ्या तंत्रज्ञाच्या लक्षात आलं, म्हणून पुढचं टळलं.

“चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे,” डॉक्टर म्हणाले. “बाई, तोपर्यंत तुमचा खुलासा लेखी द्या. आणि सबनीस, तुमच्याकडून प्रोग्राम तपासल्याचं पत्र हवं मला.”

“देतो की. ही आमची हर्षदा चौगुले, हिनंच लिहिलाय. ती आज इथंच बसेल.” सर उठले. दारात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “तासभर बस, बघितल्यासारखं कर आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांग.”

प्रयोगशाळेत मी आपांच्या शेजारी स्टूल घेतलं. “माझ्याकडं बघू नका. रोज करता तसंच करा,” मी म्हटलं.

“रोज करते तसंच तर केलं होतं,” त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. एकेका पिशवीचा नमुना घ्यायचा, पांढऱ्या टाइलवर थेंब टाकायचे, काडीनं फिरवायचे, टाइल हलवत गुठळी होते का बघायचं. मग नळीत पुन्हा तेच. मग लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात गट लिहायचा. ट्रेमधल्या सगळ्या पिशव्यांचं असं झालं, की कॉम्प्युटरवर लेबलं. पडद्यावर मागं पिशव्यांची मोठी यादी असायची. यादीतल्या नंबरावर टिचकी मारली, की तिच्यापुढं एक छोटी खिडकी उघडायची. तिच्यात गट भरायचा, ‘छापा’ दाबायचं, लेबल चिकटवायचं, ‘पुढची’ दाबायचं. खिडकी कोरी व्हायची आणि पुढच्या पिशवीची वाट बघायची.

तीन पिशव्या बिनचूक झाल्या. तिसरीचं लेबल बाहेर येत होतं आणि फोन वाजला. एका दवाखान्याला ओ पॉझिटिव्ह किती शिल्लक आहे ते हवं होतं. मागची यादी छोट्या खिडकीनं झाकली होती, म्हणून आपांनी कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ती खिडकी बंद केली. यादी बघितली. “चार आहेत. या घेऊन जायला. येताना पेशंटचा नमुना आणायचा, चिठ्ठीवर डॉक्टरची सही पाहिजे,” असं सगळं सावकाश सांगून त्यांनी फोन ठेवला, तिसऱ्या पिशवीवर लेबल चिकटवलं, चौथी पुढं ओढली आणि यादीतल्या तिच्या नंबरावर टिचकी मारली.

छोटी खिडकी उघडली. नंबर चौथ्या पिशवीचा. गटाच्या चौकटीत ‘ओ पॉझिटिव्ह’ आधीच भरलेलं. आपांचा हात ‘छापा’कडं गेला.

“आपा, थांबा.”

“का गं?”

“या पिशवीचा गट तुम्ही भरलात?”

“भरला असणार की फोनच्या आधी. दिसतोय नव्हं समोर?” असं म्हणत त्यांनी सवयीनं रजिस्टरावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. रजिस्टरात त्या पिशवीपुढं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, एबी पॉझिटिव्ह.

आपांचा चेहरा उतरला. चष्मा काढून त्यांनी कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि परत एकदा पडद्याकडं, परत एकदा रजिस्टराकडं बघितलं.

“म्हणजे खरंच माझंच चुकतंय,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

चूक कुठं आहे ते मला कळलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी आपांनीच मला फोन केला होता. तेव्हा तक्रार वेगळी होती. छोटी खिडकी फुलीवरून बंद केली, की मागच्या यादीसकट अख्खा प्रोग्रामच मिटायचा आणि अर्धवट भरलेलं सगळं जायचं. “अगं चौगुले,” त्या म्हणाल्या होत्या, “एक खिडकी लावली की घर पडतंय की गं तुझं!” मी हसले. आले, प्रोग्राम उघडला. खिडकी बंद केल्यावर काय करायचं ते सांगणारी एक ओळ असते. तिथं मी ‘बाहेर पड’ लिहून ठेवलं होतं. ते खोडून ‘लपव’ लिहिलं. एका ओळीत एक शब्द. पाच मिनिटांत काम झालं. सबनीस सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

आता घर पडत नव्हतं. पण खिडकीही बंद होत नव्हती. ती नुसती दिसेनाशी व्हायची आणि आधीच्या पिशवीचा गट तसाच धरून आत बसून राहायची. पुढच्या पिशवीवर टिचकी मारली, की तीच जुनी खिडकी नवा नंबर लावून बाहेर यायची. ‘पुढची’ दाबून गेलेल्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. मध्येच फोन आला, कुणी हाक मारली आणि खिडकी फुलीवरून बंद केली, तरच. आणि त्या माणसाला वाटणार, गट आपणच भरलाय, फोनच्या नादात विसरलोय.

मी मोबाईल घेऊन व्हरांड्यात गेले.

“सर, चूक आपली आहे. म्हणजे माझी. खिडकी बंद होताना आतलं पुसलं जात नाही.”

सरांनी आधी विचारलं, “कुणाला बोललीस?”

“अजून नाही.”

“बोलूही नकोस. नीट करून टाक. कुणी विचारलं तर वेग वाढवलाय म्हण.”

“आणि आपांचा मेमो?”

“अगं, मेमोच आहे तो. त्या खुलासा देतील, डॉक्टर फाईलला लावतील, संपलं. आपलं तसं नाही. सांगली, सातारा दोन्हीकडच्या पेढ्यांत आपण हाच प्रोग्राम बसवलाय, तुझा तो बदल धरून. हे बाहेर गेलं तर ऑफिसला कुलूप लागेल. तुझ्यासकट सहा माणसं आहेत इथं, हर्षदा.”

खोटं कशाला सांगू, मी आत जाऊन आधी दुरुस्तीच करायला बसले. वीस मिनिटं लागली. आपा शेजारच्या टेबलावर काहीतरी लिहीत होत्या. माझं झालं तेव्हा मी मान वर केली आणि त्यांचा कागद मला दिसला. सुवाच्य, गोल अक्षर. ‘माझ्या हातून अनवधानाने चुकीचा गट भरला गेला. माझी दृष्टी पूर्वीसारखी राहिली नसल्याचे आज माझ्या लक्षात आले. तरी मला लेबलाच्या कामातून मोकळे करावे…’

“आपा, ते फाडा,” मी म्हटलं.

“का?”

“तुमचे डोळे चांगले आहेत. चूक माझी आहे.”

आणि दुरुस्तीच्या आधीचा प्रोग्राम पुन्हा चालवून मी त्यांना सगळं दाखवलं. खिडकी उघडून, गट भरून, फुलीवर टिचकी मारून, पुन्हा उघडून. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि स्वतः करून बघितलं.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“हे कधीपासनं आहे?”

“अकरा दिवस. तुम्ही घर पडतंय म्हणाला होतात, त्या दिवसापासून.”

“मग ही एकच पिशवी गेली असंल कशावरनं?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मला मेमो सुचला, माझी नोकरी सुचली, सर सुचले. ज्या पिशव्या दाराबाहेर गेल्या होत्या त्या मात्र सुचल्या नव्हत्या.

आपांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. “मी नंबर आणि गट वाचते. तू पडद्यावरचा सांग. हळू. घाई करायची नाही.”

अकरा दिवसांच्या एकशे चौसष्ट पिशव्या होत्या. आपा वाचत होत्या, मी उत्तर देत होते. मध्ये कुणी आत आलं, की त्या हात वर करून थांबवायच्या. नव्वदाच्या पुढं माझा घसा कोरडा पडला. पाणी प्यायला उठले तर म्हणाल्या, “पी, पण बोट काढू नको ओळीवरनं.”

“पंचेचाळीसशे तीन. बी पॉझिटिव्ह.”

माझं बोट थांबलं. “ओ पॉझिटिव्ह.”

“पुन्हा बघ.”

“ओ पॉझिटिव्ह, आपा.”

“खूण कर. पुढं चल.”

काल पकडलेली ती पिशवी सोडली, तर शेवटपर्यंत दुसरी निघाली नाही. मग आपांनी पिशव्या बाहेर दिल्याचं रजिस्टर काढलं. पंचेचाळीसशे तीन नंबरची पिशवी परवा दिवशी गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे गावाच्या पुढं असलेल्या एका छोट्या हॉस्पिटलात गेली होती. तिथं फ्रिजमध्ये सात-आठ पिशव्या साठवून ठेवायची सोय होती, अडल्यानडल्या बाळंतिणींसाठी.

आपांनी फोन लावला. लाईन बंद. तिथल्या डॉक्टरांचा मोबाईल रेंजबाहेर. पुन्हा लावला, तेच.

“जुळणी करूनच देतील ना ते?” मी विचारलं.

“करतील की. नियमच आहे.” आपा उठल्या, फ्रिज उघडून खरी ओ पॉझिटिव्हची एक पिशवी काढली, तिच्यावरचं लेबल रजिस्टराशी ताडून बघितलं आणि बर्फाच्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवली. “पण करतील म्हणून इथं बसायचं का आपण?”

गाडी मागायला त्या डॉ. हेरवाडकरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मिनिटभरात बाहेर आल्या. पेढीची गाडी शिबिराला इचलकरंजीला गेली होती.

“तुझी स्कूटी आहे नव्हं?”

बाराच्या उन्हात आम्ही निघालो. आपा मागं, मांडीवर पेटी, पदर कमरेला खोचलेला. उसाचा हंगाम होता. रंकाळा सोडल्यावर रस्ताभर ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची रांग. बालिंग्याच्या पुलाजवळ तर सगळंच थांबलं होतं.

“खाली उतरव गाडी,” आपा म्हणाल्या.

“आपा, तिथं नुसती माती आहे.”

“मग मी चालते, तू ढकल. थांबायचं नाही.”

पेटी डोक्यावर घेऊन त्या कडेच्या मातीतून चालत सुटल्या. मी मागून गाडी रेटत. एका गाडीवानानं विचारलं, “मावशी, डब्यात काय मासं हाईत काय?” आपा त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “रक्त आहे. बैल बाजूला घे.” त्यानं घेतले. त्याच्या पुढच्यानंही घेतले.

पूल ओलांडून पुन्हा गाडीवर बसलो, तेव्हा मी विचारलं, “आपा, तुमच्या मते खिडकी बंद केली की नेमकं काय झालं पाहिजे?”

“हे तू मला आता विचारतीस?”

“आधी विचारायला हवं होतं.”

त्यांनी मांडीवरची पेटी सावरली. मग कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, “बंद म्हटलं की बंद. पुन्हा उघडली की कोरी. आत अर्धवट काय राहिलं असंल तर जाताना विचारायचं, ठेवू का टाकू. आणि एक खिडकी लावली म्हणून घर पाडायचं नाही, सगळ्यात शेवटची लावली की मगच दिवा घालवायचा. यात काय अवघड आहे?”

अवघड काहीच नव्हतं. चार वाक्यं होती. मी कॉलेजात चार वर्षं काढली होती आणि मला ती कुणी सांगितली नव्हती. मीही कुणाला विचारली नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. बाहेर झाडाखाली नातेवाईक बसले होते. आपांनी चपला काढल्या नाहीत, सरळ आत गेल्या.

“सिस्टर, रक्तपेढीतनं आलोय. ओची पिशवी कुठं आहे, पंचेचाळीसशे तीन?”

“फ्रिजमधनं काढली की मघाशीच. बाई लई वाहतीय. थेटरात आहे.”

“लावली?”

“अजून नाही. सुतार जुळणी करतोय.”

जुळणीची खोली म्हणजे जिन्याखालची एक अरुंद जागा होती. चाळिशीतला, भरघोस मिशांचा एक माणूस नळी उजेडाकडं धरून उभा होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. वरून थेटरातून डॉक्टरांचा आवाज येत होता, “अरे सुतार, अजून किती वेळ? ओला ओ लावायचं, त्यात काय बघतोस एवढं?”

“झालंच साहेब!” तो वर बघून ओरडला आणि आम्हाला बघून दचकला. “मुजावर मॅडम, तुम्ही? बरं झालं. बघा जरा, माझं काय चुकतंय. दोनदा लावलं, दोनदा गुठळी झाली. ओ आणि ओ जुळंना कसं? सीरम खराब झालंय की माझा हात थरथरतोय काय कळंना. तिसऱ्यांदा लावलंय. हेही तसंच आलं तर देऊन टाकतो म्हटलं. लेबल काय खोटं असतंय?”

आपांनी माझ्याकडं बघितलं. त्या बोलू शकल्या असत्या. त्यांनीच बोलायला हवं होतं, ती त्यांची माणसं, त्यांची भाषा. पण त्या नुसत्या बघत राहिल्या.

“तुमचं काही चुकत नाही,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. “लेबल खोटं आहे. आत बी आहे. प्रोग्राममुळं चुकीचं छापलं गेलं. प्रोग्राम माझा आहे.”

सुतारांनी नळी स्टँडला ठेवली आणि ते भिंतीला टेकले. आपांनी तेवढ्यात पेटी उघडली होती.

“ही खरी ओ आहे. हिची जुळणी लाव. मी उभी आहे इथं.”

गुठळी झाली नाही. पिशवी वर गेली. पंचेचाळीसशे तीन आपांनी पेटीत ठेवली आणि लेबलावर लाल पेनानं आडवी फुली मारली.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि बाई वाचल्याचं नातेवाइकांना सांगितलं. तिच्या सासूनं आपांचे हात धरले. “तुमी रगत घिऊन आलासा म्हनं?”

आपा म्हणाल्या, “हो. आधीचं बदलायचं होतं.”

“का, खराब हुतं?”

“खराब नव्हतं, मावशी,” मी म्हणाले. “त्याच्यावर चुकीचं नाव पडलं होतं. माझ्याकडनं.”

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “आनि तूच बदलायला आलीस?”

“हो.”

“मग बरं केलंस,” ती म्हणाली आणि सुनेकडं निघून गेली.

परत आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. केबिनमध्ये डॉ. हेरवाडकर होते, ट्रस्टचे दोन विश्वस्त होते आणि सबनीस सर होते. सरांनी पत्र टाईप करून आणलं होतं. प्रोग्रामची कसून तपासणी केली, दोष आढळला नाही. खाली सरांची सही होती, आणि माझ्या सहीची जागा कोरी होती.

“ये हर्षदा, सही कर,” सर म्हणाले.

मी लाल फुली मारलेली पिशवी टेबलावर ठेवली, पहिलीच्या शेजारी. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ‘बाहेर पड’ खोडून ‘लपव’ लिहिलं तिथपासून जिन्याखालच्या खोलीपर्यंत. सरांनी दोनदा घसा खाकरला.

“हे लेखी द्याल?” डॉक्टरांनी विचारलं.

“आत्ता देते.”

मी लिहून दिलं. पान भरलं. एका विश्वस्तांनी आपांचा मेमो उचलून फाडायला घेतला, तर आपा म्हणाल्या, “फाडू नका. फाडला तर मेमो दिला होता एवढंच लोकांच्या ध्यानात राहील. माझ्या फाईलला तसाच लावा, आणि त्याच्यावर हिचा कागद लावा.”

डॉक्टरांनी दोन्ही कागद एकत्र टाचले. मग आपांकडं वळून म्हणाले, “डोळ्यांचं मी बोललो ते…”

“ते राहू द्या,” आपा म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या केबिनमधल्या खुर्चीवर बसल्या.

“तू उद्यापासून येऊ नकोस,” सर मला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. मी मान हलवली. स्कूटीवर येतानाच मी हे गृहीत धरलं होतं.

माझं काम मात्र झालं नव्हतं. रस्ताभर आपांचा तो एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. अशी एकच गेली असेल कशावरून?

“डॉक्टर, मला तुमच्या फोनवरून दोन फोन करायचेत,” मी म्हणाले. “सांगलीला आणि साताऱ्याला.”

“हर्षदा!” सर उठले. “तू आता आमची कुणी नाहीस. तिथं फोन करायचा तुला काय अधिकार?”

“प्रोग्राम लिहिताना माझाच होता ना, सर?”

डॉक्टरांनी फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. सर दारापर्यंत गेले, पण बाहेर पडले नाहीत. तिथंच पाठमोरे उभे राहिले.

मी आधी सांगलीचा नंबर फिरवला. पलीकडं एका बाईंनी उचलला.

“नमस्कार. कोल्हापुरातून हर्षदा चौगुले बोलतेय. तुमच्याकडचा लेबलांचा प्रोग्राम मी लिहिलाय. तो आत्ताच्या आत्ता बंद करा, अख्खा. आणि रजिस्टर काढा. आमच्याकडचा बदल तुमच्याकडं कधी टाकला होता बघा, बहुतेक गेल्या सोमवारी. त्या दिवसापासूनची एकेक पिशवी ताडून बघायला लागेल. पिशवीवर दुसरीचा गट छापला गेला असेल. चूक माझ्या प्रोग्रामची आहे. लिहून घेताय ना?”

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, लाईन तुटली.

“हॅलो?”

“आहे मी,” त्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी बहुधा रिसीव्हरवर हात धरला, कारण पुढचा आवाज अगदी दबका होता. “अहो, आमच्या कोळेकर बाईंना परवा लेबलांच्या कामातनं काढलं यावरनं. हिशेबाच्या खोलीत बसवलंय. पिशवीवर चुकीचा गट टाकला म्हणून. त्या तेव्हापासनं कुणाशी बोलत नाहीत.”

मी मान वर केली. आपा माझ्याकडंच बघत होत्या.

“त्या आत्ता तिथं आहेत?” मी विचारलं.

“पलीकडच्या खोलीत आहेत.”

“मी थांबते,” मी म्हणाले. “त्यांना फोनवर बोलवा.”